गिटार खरखरते आहे? चावी फिरवण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

हाताने घडवलेली अकूस्टिक गिटार खरखरायला लागली की बहुतेकांचा हात सगळ्यात आधी ट्रस रॉडच्या, म्हणजे मानेतल्या धातूच्या दांड्याच्या, चावीकडे जातो. कुणीतरी मित्र सांगतो, ‘अर्धा आटा सैल कर, जाईल.’ कधीकधी ती जातेही. पण मग तारा इतक्या उंच होतात की बार कॉर्ड धरताना बोटं भरून येतात, आणि मूळ दोष नटमध्ये (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) किंवा आत सुटलेल्या एखाद्या ब्रेसमध्ये (गिटारच्या पोकळ पेटीला आतून आधार देणारी लाकडी पट्टी) होता तो तसाच राहतो. मान मात्र विनाकारण वाकवलेली असते.

म्हणून इथे दुरुस्तीपेक्षा शोधण्यावर जास्त लिहितो आहे. दोष नेमका सापडला की दुरुस्ती बहुतेक वेळा लहानच असते. न शोधता केलेली दुरुस्ती मात्र महाग पडते, विशेषतः ज्या वाद्यासारखं दुसरं वाद्य जगात नाही त्याच्या बाबतीत.

कारखान्यातल्या गिटारच्या मॉडेलची मापं ठरलेली असतात, सुटे भाग मिळतात, तोच दोष आणखी शंभर जणांनी पाहिलेला असतो. हाताने घडवलेल्या गिटारला हे काही लागू नाही. आतल्या ब्रेस किती जाड ठेवायच्या, ट्रस रॉड कुठला घालायचा, घालायचा की नाही, सॅडलची (पेटीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) खाच किती घट्ट ठेवायची, हे सगळं एका माणसाने आपल्या हाताच्या सवयीने ठरवलेलं असतं. त्यामुळे सरसकट उपाय चालत नाहीत. पण एक फायदा मोठा आहे: तो माणूस फोनवर भेटतो. बरेच मेकर पेटी बंद करण्याआधी आतल्या बाजूचे फोटो काढून ठेवतात. तपासणीला बसण्याआधी ते मागवून घ्या. पुढे फार उपयोगी पडतील.

आधी खोली तपासा

गंमत वाटेल, पण अनेकदा खरखर गिटारची नसतेच. ठाण्यातल्या नेहमीच्या फ्लॅटमध्ये ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात, त्यांच्या काचा चौकटीत थोड्या सैल असतात. लोखंडी कपाटाचं दार, स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी, भिंतीवरची तसबीर, पंख्याची कळी, यातलं काहीही पाचव्या तारेच्या ११० हर्ट्झला झणझणू शकतं. गिटार घेऊन जिन्यात किंवा पॅसेजमध्ये जा आणि तोच स्वर तितक्याच जोराने वाजवा. तिथे खरखर नसेल, तर परत खोलीत येऊन एकेका वस्तूवर हात ठेवत जा.

मग स्वतःकडे बघा. शर्टाचं बटण, गळ्यातली साखळी, मनगटावरचं घड्याळ पेटीच्या पाठीला किंवा कडेला टेकलेलं असतं. हेडस्टॉकला (तार पिळायच्या कळींचं मानेचं टोक) लावून ठेवलेला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) आणि क्लिपचा ट्यूनर हे दोघे तर नेहमीचे. ते काढून ठेवा. पट्ट्याची खुंटी हाताने घट्ट आहे ना बघा.

वाजवण्याची पद्धतही एकदा तपासा. बोट फ्रेटच्या (मानेवरची धातूची आडवी पट्टी) अगदी मागे, जवळ पडलं पाहिजे. दोन फ्रेटच्या मधोमध हलकं दाबलं तर उत्तम गिटारही खरखरेल. आणि पेटी हलवून टाकेल इतक्या जोराने कॉर्ड मारल्यावर थोडी झणझण झाली, तर तो दोष धरू नका.

मग तारा

आपल्याकडच्या दमट हवेत तारा लवकर मरतात. वाउंड तारेची गुंडाळी एखाद्या ठिकाणी सैल झाली की तार स्वतःच खरखरते आणि तो आवाज हुबेहूब फ्रेटच्या खरखरीसारखा असतो. शंका असेल तर नवी तार लावा. सगळा संच बदलायची गरज नाही, संशयित तार बदलली तरी पुरे. आधी जी जाडी होती तीच घ्या, कारण बारीक तारा लावल्या की ताण कमी होतो, मान किंचित सरळ होते आणि नवीच खरखर सुरू होते. बारा-त्रेपन्नच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच, सगळ्यात जाड ०.०५३ इंच) संचाचा मानेवर आणि पेटीवर एकूण ताण साधारण ७० ते ७५ किलो असतो, त्यात थोडा फरक पडला तरी लाकूड तो जाणवू देतं.

तारेची दोन्ही टोकं बघा. हेडस्टॉककडे कापलेलं टोक लांब राहून शेजारच्या तारेला किंवा ट्यूनिंग कीला घासतं का? ब्रिजकडे (पेटीवर तारा अडकवतात तो लाकडी ठोकळा) तारेचा गोळा आत ब्रिज प्लेटला, म्हणजे ब्रिजखालच्या आतल्या फळीला, नीट टेकला आहे का? तो पिनच्या टोकावर अडकून राहिला असेल तर पिन हळूहळू वर सरकते. पिन काढा, गोळा वर खेचून प्लेटला लावा, मग पिन बसवा. गोळ्याजवळची दुहेरी गुंडाळी सॅडलवर येत असेल तरी आवाज बिघडतो.

खरी पारख: खरखर जागेच्या मागे जाते की स्वराच्या?

इथपर्यंत खरखर गेली नसेल तर खुर्चीवर शांत बसा, वही घ्या आणि प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा. बाकीच्या तारा हाताने झाकून ठेवा, नाहीतर त्यांचा घुमारा तुम्हाला फसवेल. जिथे खरखर येते तिथे तार, फ्रेट आणि स्वर तिन्ही लिहा.

समजा चौथ्या तारेचा पाचवा फ्रेट खरखरतो. तो ‘जी’ (G) स्वर आहे. हाच जी मोकळ्या तिसऱ्या तारेवर मिळतो, पाचव्या तारेच्या दहाव्या फ्रेटवर मिळतो, सहाव्या तारेच्या पंधराव्यावरही मिळतो. या सगळ्या ठिकाणी तो वाजवून बघा. फक्त चौथ्या तारेवरच खरखर आली, तर दोष त्या जागेत आहे: तार, फ्रेट, नट किंवा सॅडल. सगळीकडे आली, तर कुठलातरी सैल भाग त्या स्वराला थरथरतो आहे, आणि फ्रेटचा त्यात काहीही संबंध नाही. फ्रेट घासून घ्यायला निघाला असाल तर इथेच थांबा.

वर चढून वाजवलेला स्वर थोडा बोथट आणि दुबळा असतो, त्यामुळे सैल भाग तिथे कमी बोलतो. म्हणून छेडण्याचा जोर सारखा ठेवा आणि कान लावून ऐका. तरी शंका राहिली तर दुसरी पारख आहे, आणि माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा. आता तोच जी चौथ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर येईल. खरखर पाचव्याच फ्रेटवर राहिली तर ती जागेची. एक फ्रेट पुढे सरकून स्वराबरोबर गेली तर ती पेटीची किंवा कुठल्यातरी सुट्या भागाची. तारा उतरवल्यावर ताण कमी होऊन फ्रेटची खरखर थोडी वाढते, तेवढं गृहीत धरा.

पुढचं सगळं या एका उत्तरावर अवलंबून आहे. घाई करू नका.

खरखर जागेला चिकटलेली असेल तर

साहित्य साधं लागतं. दुचाकीच्या मेकॅनिककडे टॅपेट सेट करायला जे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असतं ते हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, एक कॅपो आणि बाद झालेलं एटीएम कार्ड. फीलर गेज नसेल तर झेरॉक्सचा नेहमीचा ८० जीएसएमचा कागद घ्या, त्याची जाडी साधारण ०.१ मिमी असते.

*मोकळी तारच खरखरते, दाबली की थांबते.* मग नटकडे बघा. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामधली फट बघा. केसभर फट हवी. पहिल्या फ्रेटवर तारेला बोटाने हलकं टिचकवलं तर बारीक ‘टिक’ ऐकू आली पाहिजे. ती येत नसेल तर खाच खोल गेली आहे. खात्री करायला तार बाजूला काढून खाचेत कागदाची बारीक पट्टी ठेवा आणि पुन्हा वाजवा. खरखर गेली तर निदान पक्कं. कागद हा कायमचा उपाय मात्र नव्हे, नट भरून किंवा बदलून घ्यावा लागेल.

खाच पुरेशी उंच असूनही मोकळी तार सतारीसारखी झणझणत असेल, तर खाचेचा उतार चुकला आहे. तार फ्रेटबोर्डच्या बाजूच्या कडेवरून सुटली पाहिजे आणि खाच तिथून हेडस्टॉककडे उतरत गेली पाहिजे. खाचेचा तळ सपाट असला किंवा उंचवटा मागे असला, तर तार त्या सपाटीवर वारंवार टेकत राहते. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर हेच मुद्दाम केलेलं असतं. ज्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथले कारागीर घोडीचा माथा घासून घासून जी जवारी काढतात, ती म्हणजे तारेचं हे हलकं टेकणंच. तंबोऱ्याचा तो प्राण आहे. गिटारच्या नटवर किंवा सॅडलवर ती आपोआप आली तर दोष आहे. सॅडलचा माथा सपाट झाला असेल तर सगळी तार, मोकळी काय आणि दाबलेली काय, तशीच झणझणते. हाताने घासलेल्या हाडाच्या सॅडलमध्ये हा दोष बऱ्याचदा आढळतो आणि तो सुधारणं मेकरच्या हातचं दहा मिनिटांचं काम असतं.

*वरच्या फ्रेटवर बोट ठेवलं की बोटाच्या मागून आवाज येतो.* तारेचा नटपासून बोटापर्यंतचा तुकडाही थरथरतो आणि पहिल्या-दुसऱ्या फ्रेटला घासतो. दुसऱ्या हाताचं बोट त्या तुकड्यावर अलगद ठेवा. खरखर थांबली तर नट खाली आहे किंवा मान गरजेपेक्षा सरळ आहे.

*पहिल्या पाच-सहा फ्रेटमध्ये सरसकट खरखर.* मानेचा बाक मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, सहावी तार पेटीला मान जुळते त्या फ्रेटवर, बहुधा चौदाव्यावर, दाबा. आता तार हीच सरळ पट्टी झाली. सहाव्या-सातव्या फ्रेटवर तारेखाली ०.१ ते ०.२५ मिमी फट हवी. म्हणजे झेरॉक्सचा एक कागद सहज जावा, तीन एकदम जाऊ नयेत. फटच नसेल तर मान सरळ झाली आहे किंवा मागे वाकली आहे, आणि ट्रस रॉड सैल करायला हरकत नाही. एका वेळी पाव आटा, मग पुन्हा सुरात लावून मोजणी. चावी अडली तर जोर लावू नका. हाताने घडवलेल्या गिटारमध्ये रॉड एकाच दिशेने काम करणारा आहे, दोन्ही दिशांनी करणारा आहे, की फिरवता येणारा रॉडच नसून नुसती कार्बनची पट्टी आहे, हे बाहेरून कळत नाही. मेकरला विचारल्याशिवाय त्यात चावी घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

*बाक ठीक, पण सातव्याच्या वर खरखर.* बाराव्या फ्रेटवर मोकळ्या तारेची उंची मोजा, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. सहाव्या तारेला साधारण २.४ ते २.८ मिमी आणि पहिलीला १.६ ते २ मिमी असेल तर बहुतेकांना बरं पडतं. त्याहून कमी असेल तर सॅडल खाली गेला आहे किंवा टॉप (पेटीची वरची फळी) बसला आहे. बाराव्यावर अर्धा मिमी वाढवायचा तर सॅडल एक मिमी उंच करावा लागतो.

*एकाच फ्रेटच्या आधी खरखर, पुढे सगळं स्वच्छ.* पुढचा फ्रेट उंच आहे. एटीएम कार्डाची कड एकदम तीन फ्रेटवर उभी टेकवा. मधला फ्रेट उंच असेल तर कार्ड त्याच्यावर झुलतं आणि ‘टकटक’ करतं. पहिल्या काही फ्रेटसाठी कार्डाची लांब बाजू, सातव्याच्या पुढे आखूड. एका वेळी तीनच फ्रेट टेकले पाहिजेत. प्रत्येक तारेखाली वेगळं बघा, कारण फ्रेट बहुतेक वेळा एका टोकालाच उचललेला असतो. उचललेलं टोक पेन्सिलीच्या मागच्या बाजूने दाबून धरा आणि दुसऱ्याला वाजवायला सांगा. खरखर थांबली तर फ्रेट घासायचा नाही, नुसता बसवायचा आहे. या दोन दुरुस्त्यांमध्ये फार फरक आहे. सुटलेला फ्रेट घासून सपाट केला आणि पुढे कुणी तो नीट बसवला, की तो शेजारच्यांपेक्षा बुटका होतो.

चौदाव्याच्या पुढे, पेटीवरच्या भागात फ्रेटबोर्ड वर उचललेला असेल तर दहाव्या-बाराव्याचे स्वर दबतात. लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवली की तो उंचवटा दिसतो. तो घरी सुधारण्यासारखा नाही.

खरखर स्वराला चिकटलेली असेल तर

इथे शोध लांबतो, आणि मला विचाराल तर इथेच वाद्य खऱ्या अर्थाने समजायला लागतं.

एक गोष्ट आधी समजून घ्या. पेटीतली हवा साधारण ९० ते ११० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जोरात हलते, म्हणजे सहाव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटपासून मोकळ्या पाचव्या तारेपर्यंत. टॉपची मुख्य थरथर बहुधा १८० ते २२० हर्ट्झमध्ये असते, मोकळ्या तिसऱ्या तारेचा जी त्यातच येतो. त्यामुळे ‘माझी गिटार जी आणि ए या स्वरांनाच खरखरते’ हे वाक्य फार ऐकू येतं. त्याचा अर्थ एवढाच, की त्या स्वरांना सगळी पेटी जास्तीत जास्त हलते. सैल भाग कुठे आहे हे त्यावरून कळत नाही. तो हेडस्टॉकवरही असू शकतो.

म्हणून बाहेरून आत या. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने एकेका भागावर बोट दाबून धरायचं. सुरुवात हेडस्टॉकपासून: ट्यूनिंग कीचे वॉशर आणि धातूचे आट्यांचे नट, मागचे बारीक स्क्रू, कीच्या बटणाचा स्क्रू, ट्रस रॉडचं झाकण. नटच्या पलीकडे, की आणि नट यांच्यामध्ये तारेचा जो तुकडा राहतो तोही घुमतो, त्यावर कापडाचा तुकडा ओवून बघा. खाली येऊन पिकगार्डची उचललेली कड, बाइंडिंगचा (पेटीच्या कडेची पट्टी) सुटलेला तुकडा, ब्रिजच्या पिना, पट्ट्याची खुंटी. पिकअप बसवलेला असेल तर बॅटरीचा कप्पा, जॅकचा नट आणि आत लोंबणारी वायर. वायर पेटीला टेकून थरथरते आणि ब्रेस सुटल्यासारखाच आवाज करते. ती आधी टेपने बांधा, मगच ब्रेसवर संशय घ्या.

ट्रस रॉडची खरखर ओळखायला सोपी आहे. तारांमध्ये कापड ओवून त्या मुक्या करा आणि मानेच्या मागे मुठीने, मधे दुमडलेला रुमाल ठेवून, हलकेच ठोका. आतून दबका धातूचा ‘टिंग’ आला तर रॉड खाचेत मोकळा आहे. दोन्ही दिशांनी फिरणारा रॉड पूर्ण सैल असला की असं होतं. मेकरने होकार दिला तर त्याला जेमतेम पकड येईल इतकाच ताण द्या, बाकावर परिणाम होऊ नये.

माणूस मदतीला नसेल तर छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्या. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही ॲप उतरवा, स्पीकर साउंडहोलसमोर धरा आणि स्वर ८० हर्ट्झपासून ४०० पर्यंत अगदी सावकाश चढवा. नुसत्या फोनच्या स्पीकरवर हे जमत नाही, खालचे स्वर त्यातून निघतच नाहीत. जिथे पेटी खरखरेल तिथे थांबा. तारेचा स्वर दोन-तीन सेकंदांत विरतो, हा विरत नाही. आता दोन्ही हात मोकळे आहेत. बोटाने टॉप, पाठ, कडा, ब्रिज असं सगळीकडे दाबत फिरा.

याच्या जोडीला एक मीटरभर पारदर्शक नळी घ्या, गवंडी पाण्याची लेव्हल काढायला वापरतात ती. एक टोक कानाजवळ धरा, दुसरं पेटीवरून फिरवत न्या. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी ती एका बिंदूचाच आवाज कानापर्यंत आणते. खरखरीचा उगम दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत नक्की करता येतो.

आत डोकावताना

तारा सैल करा, दोन बाजूला सारा आणि फोन हळूच साउंडहोलमधून आत सोडून फ्लॅश चालू ठेवून व्हिडिओ घ्या. सोबत दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा असेल तर ब्रिज प्लेट आणि टॉपच्या ब्रेस चांगल्या दिसतात. मेकरकडून आलेले फोटो शेजारी उघडून ठेवा.

आधी निरुपद्रवी गोष्टी बघा. अर्धा सुटलेला लेबलचा कागद, लाकडाचा कपचा, वाळलेल्या गोंदाचा तुकडा, विसरलेलं सिलिका जेलचं पाकीट. गिटार उलटी करून हलकेच हलवली की सुटे तुकडे खुळखुळतात. लेबल मात्र हलत नाही, त्याची सुटलेली कडा तेवढी फडफडते.

मग टिचकी. तारा मुक्या ठेवून बोटाच्या सांध्याने टॉपवर आणि पाठीवर, ब्रेसच्या रेषेवरून ठोकत जा. चिकटलेल्या ब्रेसवर आवाज भरीव आणि सलग येतो. सुटलेल्या टोकापाशी तो एकदम फाटतो, ‘फट्’ असा कोरडा येतो किंवा ठोक्याबरोबर बारीक थरथर ऐकू येते.

जवळून पाहिलेलं असं एक प्रकरण सांगतो. स्प्रूसचा टॉप आणि शिसवी पाठ असलेली गिटार होती, वर्तकनगरहून आलेली. जी स्वर सगळीकडे खरखरत होता. फ्रेट, नट, मान, सगळं मापात. टॉपवर कुठेही दाबा, काही फरक नाही. पाठीवर खालच्या रुंद भागात, बारीक तारांच्या बाजूला, कडेपासून चार बोटं आत अंगठा टेकवला की आवाज बंद. अंगठा उचलला की सुरू. आरशात पाहिलं तर तिथली आडवी ब्रेस जागेवरच दिसत होती, फटीचा मागमूस नाही. पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी कापून ब्रेसच्या कडेखाली सरकवली, तर टोकापासून दोन सेंटिमीटर आत गेली आणि तिथे अडली. नजरेला न दिसणारी फट कागदाला सापडली. मेकरने तीत पातळ गोंद सोडून, आतून टेकू देऊन रात्रभर दाबून ठेवली. फ्रेटला कुणी हातही लावला नाही.

पतंगाच्या कागदाची ही चाचणी प्रत्येक ब्रेसच्या दोन्ही टोकांना आणि दोन्ही कडांना करा. टॉपवर दोन मुख्य ब्रेस जिथे फुलीसारख्या एकमेकींना छेदतात तो जोडही बघा, तो सैल असेल तर सगळा टॉप अस्वस्थ होतो. मात्र काही मेकर ब्रेसची टोकं मुद्दाम कागदासारखी पातळ करून कडेपर्यंत न नेता मोकळी सोडतात. शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये कागद गेला म्हणून घाबरू नका. फोटो दाखवून विचारा.

बाहेरून ब्रिजच्या मागच्या कडेखालीही तोच कागद घालून बघा. तिथे तो पाच मिलिमीटर किंवा जास्त आत जात असेल तर ब्रिज उचलतो आहे. लगेच तारा सैल करा, त्या तशाच ताणलेल्या ठेवू नका. टॉपवरची बारीक चीर शोधायला अंधाऱ्या खोलीत टॉर्च पेटीच्या आत ठेवा. चीर असेल तर स्प्रूसमधून प्रकाशाची बारीक रेघ दिसते.

ठाण्याची हवा धरूनच विचार करा

लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जून ते सप्टेंबर ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. लाकूड आडवं फुगतं, टॉपला पोट येतं, तारा उंच होतात. मग हिवाळ्यात किंवा रात्रभर एसी चालणाऱ्या बंद खोलीत तेच लाकूड आक्रसतं, टॉप बसतो, तारा खाली येतात आणि खरखर सुरू होते. फ्रेटची टोकं मानेच्या कडेने हाताला बोचायला लागली तर लाकूड वाळल्याची ती पक्की खूण समजा. पावसाळ्यात उंच वाटलेला सॅडल कुणी घासून घेतला असेल, तर ही खरखर हमखास येते.

घोडबंदरच्या बाजूला उंच इमारतींत राहणाऱ्यांना हा त्रास जास्त, असं मला दिसतं. दिवसभर खिडकी उघडी, रात्री एसी, म्हणजे वाद्य रोज दोन ऋतू काढतं. गिटार स्टँडवर उघडी ठेवण्यापेक्षा तिच्या केसमध्ये ठेवा आणि केसमध्ये एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं उपकरण) ठेवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, तिला टेकवून किंवा टांगून ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत तर पाच मिनिटंही नको, गोंद मऊ पडतो आणि ब्रेस व ब्रिज सुटण्याची सुरुवात बहुतेकदा तिथेच होते.

आर्द्रता ४० च्या खाली किंवा ६५ च्या वर असताना काहीही घासू, कापू किंवा भरू नका. गिटार आठवडाभर योग्य आर्द्रतेत ठेवा आणि मोजमाप पुन्हा करा. कितीतरी खरखरी तेवढ्यानेच जातात.

मेकरकडे जाताना

स्क्रू आवळणं, वायर बांधणं, लेबल चिकटवणं, तारा बदलणं, मेकरला विचारून रॉडचा पाव आटा, एवढं घरी करा. ब्रेस, ब्रिज, फ्रेट, नट आणि सॅडल मेकरकडे न्या. फटीत क्विकफिक्ससारखा झटपट गोंद सोडायचा मोह आवरा. तो पातळ असतो, लाकडात झिरपून टॉपवर डाग उमटवतो, आणि नंतर योग्य गोंद लावायचा तर आधीचा खरवडून काढावा लागतो. कधीकधी ते शक्यच नसतं.

मेकरला नुसतं ‘खरखरते आहे’ असं कळवू नका. कुठली तार, कुठला फ्रेट, कुठला स्वर, तोच स्वर दुसऱ्या तारांवर कसा वाजतो, कुठे दाबलं की थांबतो, हे लिहा. बाराव्या फ्रेटवरची उंची, मानेचा बाक, तारांची जाडी आणि त्या दिवशीची आर्द्रता द्या. सोबत व्हिडिओ पाठवा. फोन साउंडहोलपासून हातभर लांब ठेवा, पंखा आणि एसी बंद करा, खरखरणारा स्वर तीनदा वाजवा आणि त्याच्या खालचा-वरचा चांगला स्वरही एकेकदा वाजवा, म्हणजे ऐकणाऱ्याला फरक कळेल. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ दाबला जाऊन बारीक आवाज बिघडतात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.